लाईट आली, पण नेट अर्धवट: एका पत्त्यावर दोन यंत्रं

उमरी म्हटलं की तुम्हाला नांदेड–धर्माबाद रस्त्याकडचं तालुक्याचं गाव आठवेल. पण उमरी नावाची गावं विदर्भातही आहेत. सारख्या नावांमुळे पत्रं भलतीकडे जायची, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. लॅबच्या नेटवर्कवरही हीच भानगड होते, फक्त तिथला पोस्टमन भोळा असतो.

समजा, तुमचा सेन्सर रात्रभर पीसीकडे रीडिंग पाठवतोय आणि सकाळी बघता तर मधले तीन तास गायब. राउटर बंद-चालू केला की चालतं, दुपारी परत तेच. सेन्सर खराब म्हणून प्रयोगच रद्द करायच्या आधी पत्ता तपासा.

नेटवर्कवर डेटा पाठवणारं यंत्र आधी सगळ्यांना विचारतं, "१९२.१६८.१.२५ कोण?" जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता ते आपल्या तक्त्यात लिहितं. हा झाला १९८२ चा ‘आर्प’ नियम. उत्तर खरं की खोटं हे पाहायची सोयच त्यात नाही. दोघांनी उत्तर दिलं की बहुधा शेवटचा जिंकतो, आणि तुमचं रीडिंग प्रिंटरकडे जातं!

आपल्याकडे हे लाईट गेल्यावर जास्त दिसतं. पत्ते वाटणारा राउटर साधा असेल तर वाटपाची यादी बऱ्याचदा मेमरीतच असते. लाईट गेली की यादी पुसली. यूपीएसवरचा पीसी मात्र जुनाच पत्ता धरून बसलेला. पत्ता घेण्याआधी विचारून बघायची पद्धत २००८ मध्ये प्रमाणित झाली खरी, पण त्या क्षणी बंद असलेलं यंत्र उत्तर देणार कसं?

तपासताना त्या पीसीची केबल काढा. तिसऱ्या पीसीवर आर्पचा तक्ता पुसून त्याच पत्त्याला पिंग करा, आणि लगेच तक्ता बघा. फायरवॉलमुळे पिंगला उत्तर नाही आलं तरी तक्त्यात मॅक दिसला, तर तिथे दुसरं कोणीतरी आहे. मॅकच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते. (मोबाईल हल्ली बनावट मॅक वापरतात, तिथे फसाल.) हे सगळं वहीत लिहा, मगच रीस्टार्ट, रीस्टार्टने पुरावाच जातो.

सापडल्यावर काम सोपं. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर हाताने दिलेले पत्ते १०० च्या खाली ठेवा, किंवा राउटरमध्येच त्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवा. आणि कोणी वायफायसाठी दुसरा राउटर आणून जोडलाय का, तेही बघा. तोही गुपचूप पत्ते वाटत असतो.