संघराज्याविना फेडरल कोर्ट

दिल्लीच्या जुन्या संसद भवनात सेंट्रल हॉलभोवती तीन अर्धवर्तुळाकार दालने आहेत. त्यांतली दोन २०२३ पर्यंत लोकसभेची आणि राज्यसभेची होती, ती सर्वांच्या परिचयाची. तिसरे हर्बर्ट बेकर यांनी संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी बांधले होते. राजेमहाराजे अधिवेशनापुरते जमत, एरवी दालन मोकळेच असे. १९३७ साली देशाचे पहिले फेडरल कोर्ट तिथेच भरू लागले. वेगळ्या इमारतीचा खर्च सरकारने टाळला.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार प्रांत आणि संस्थाने मिळून एक संघराज्य होणार होते आणि त्यांच्यातले तंटे हे कोर्ट सोडवणार होते. पण पुरेसे संस्थानिक सामील झाल्याशिवाय संघराज्य सुरू व्हायचे नव्हते. ते शेवटपर्यंत घोळ घालत राहिले. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि वाटाघाटी थांबल्या. म्हणजे संघराज्य आलेच नाही, आणि ज्यांनी ते अडवले त्यांच्याच दालनात त्याचे कोर्ट बसले!

पहिले न्यायाधीश तिघेच. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर हे १९३५ च्या कायद्याच्या मसुदाकारांपैकी. आपणच लिहिलेल्या कलमांचा अर्थ आता त्यांना लावायचा होता. सर शाह सुलेमान यांना फावल्या वेळात आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद खोडून काढण्याचा छंद. तिसरे आपले बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. ते दोनच वर्षांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. पुण्याला त्यांचे नाव ठाऊक आहे ते मात्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आणि जयकर ग्रंथालयामुळे.

कोर्टापुढचा पहिला मोठा प्रश्न नागपूरहून आला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. हा विक्रीकर नव्हे, अबकारी कर आहे आणि तो फक्त केंद्राने घ्यायचा, असे दिल्लीचे म्हणणे. कोर्टाने कौल प्रांताच्या बाजूने दिला. केंद्र आणि राज्यांची करांवरून जुंपते तेव्हा वकील आजही तिथपर्यंत मागे जातात.

माझ्या मते या कोर्टाची खरी परीक्षा झाली ती १९४३ मध्ये. ‘चले जाव’नंतर मुंबई सरकारने केशव तळपदे यांना भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली स्थानबद्ध केले होते. मूळ कायदा वाजवी संशयाची अट घालत होता, नियमाला मात्र सरकारचे समाधान पुरत होते. कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर गेलेला हा नियम ग्वायर यांच्या कोर्टाने रद्दबातल ठरवला, तोही ऐन युद्धात. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून मागील तारखेपासून मूळ कायदाच दुरुस्त करून टाकला. निकाल कागदावर राहिला, पण परक्या सत्तेने नेमलेले न्यायाधीश तिला तिचाच कायदा वाचून दाखवू शकतात, हे देशाने पाहिले.

कोर्टाच्या डोक्यावर मात्र प्रिव्ही कौन्सिल होतेच. तिथली अपिले १९४९ च्या ऑक्टोबरात बंद झाली आणि पुढचे जेमतेम साडेतीन महिने फेडरल कोर्टाचा शब्द खऱ्या अर्थाने अखेरचा ठरला. २६ जानेवारी १९५० रोजी त्याचे सर्वोच्च न्यायालय झाले; अखेरचे सरन्यायाधीश हरिलाल कणिया नव्या न्यायालयाचे पहिले झाले. जागा मात्र तीच राहिली. गणेश भिकाजी देवळालीकर यांनी आखलेल्या नव्या वास्तूत न्यायालय १९५८ मध्ये गेले आणि संस्थानिकांच्या दालनात पुढे संसदेचे ग्रंथालय थाटले.