लाकडी आऱ्यांचे चाक : उघडण्यातच कारागिराची परीक्षा

सुतारकाम, लोहारकाम आणि मोटार दुरुस्ती हे तिन्ही हुन्नर आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. हे तिन्ही एकाच ठिकाणी लागतात असे काम आज फार थोडे उरले आहे. जुन्या मोटारीचे लाकडी आऱ्यांचे चाक हे त्यापैकी एक. असे चाक दुरुस्त करणारे हात थोडे, म्हणून त्याला दाम चांगला. पण चाक चुकीच्या रीतीने उघडले तर दामही जातो आणि नावही जाते. म्हणून या कामाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

उदाहरणादाखल फोर्डची मॉडेल टी घेऊ. अमेरिकेत 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या आसपास मॉडेल टी तयार झाल्या आणि त्यातील बहुतेक लाकडी आऱ्यांवरच धावल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हाही अशी चाके नवलाईची नव्हती.

चाकाची रचना

बैलगाडीच्या चाकात आरे लाकडी तुंब्यात ठोकलेले असतात. मोटारीच्या चाकात तुंबाच नसतो. मॉडेल टीच्या चाकात हिकरी या अमेरिकन लाकडाचे 12 आरे असतात. प्रत्येक आऱ्याचे आतले टोक पाचरीसारखे निमुळते असते. 12 पाचरी एकमेकींना भिडल्या की मधला गोल पूर्ण होतो. त्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी तबकड्या बसवून 6 बोल्टांनी तो आवळतात. आऱ्याच्या बाहेरच्या टोकाचे गोल कुसू घेराच्या भोकात बसते. सारे चाक एकमेकांच्या दाबावर उभे असते. एक आरा सैल झाला की शेजारचेही सैल होऊ लागतात.

उघडण्याचा क्रम

प्रथम गाडी जॅकवर घ्यावी, खाली भक्कम टेकू द्यावा आणि चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. कुरकुर आली किंवा आरा हलला तर चाक उघडणे भाग आहे. मात्र बेअरिंगमधला खेळ वेगळा आणि आऱ्यांतला खेळ वेगळा, हे आधी ओळखावे.

मागचे चाक निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीने घट्ट बसलेले असते. ते नेहमी पुलर लावून काढावे. अ‍ॅक्सलच्या टोकावर घणाचे घाव घातले तर आटे बिघडतात आणि आतल्या भागांना धक्का बसतो. चाक निघाले की टायरमधली हवा पूर्ण सोडून टायर उतरवावा.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. प्रत्येक आऱ्यावर आणि त्यासमोर घेरावर एकच नंबर घालावा. आऱ्याची लांबी, जाडी, कुसवाचा व्यास आणि घेरापासून हबच्या तोंडापर्यंतची खोली लिहून ठेवावी. चाक सुटल्यावर ही मापे पुन्हा मिळत नाहीत.

नट ढिले होऊ नयेत म्हणून बोल्टांची टोके ठोकून पसरवलेली असतात. ती कानशीने किंवा ग्राइंडरने घासून मगच नट फिरवावा. मागच्या चाकात याच बोल्टांवर ब्रेक ड्रमही असतो, तो सांभाळून वेगळा करावा. हब प्रेसखाली सावकाश दाबून काढावा. त्यानंतर आरे मधून एका बाजूस दाबले की छत्रीसारखे वर उठतात आणि कुसवे भोकांतून सुटतात. तरीही अडले तर जो आरा आधीच खराब आहे तोच कापावा, बाकीचे मोकळे होतात. एक चांगला आरा नमुना म्हणून जपावा. नवीन आऱ्याचे लाकूड पूर्ण वाळलेले, गाठ नसलेले आणि टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषांचे हवे.

सोपा मार्ग नको

सैल चाक पाण्यात भिजवले की लाकूड फुगते आणि चाक घट्ट भासते. काही जण फटीत पत्र्याचे तुकडे घालतात, कुजलेल्या कुसवावर लांबी भरून वार्निश मारतात. लाकूड वाळले की चाक पूर्वीपेक्षा सैल होते. असे चाक वळणावर मोडले तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतते.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडे धान्य आतून ओले निघाले आणि त्यांनी विक्रेत्याला खडसावले, ही हदीस आपण सारे जाणतो. वार्निशखालचे कुजके लाकूड हे त्याच ढिगातले ओले धान्य आहे.

व्यवहाराची गोष्ट

चाक उघडल्याशिवाय पक्का भाव सांगू नये. उघडण्याची मजुरी वेगळी ठरवावी, मग मालकाला बोलावून प्रत्येक आरा दाखवावा आणि पुढचा खर्च लेखी द्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने सूरह बकराच्या 282 व्या आयतीत दिलीच आहे. जुने बोल्ट, तबकड्या, अगदी मोडके आरेसुद्धा मालकाची अमानत समजून परत करावेत.

केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यामुळे मूळपणाला आता कागदोपत्रीही वजन आहे. मालकाला चाक जसे होते तसेच हवे असते आणि तसे करून देणाऱ्याला तो शोधत येतो.

आमच्या तरुण मिस्त्रींनी एखाद्या वृद्ध सुताराला आपल्या गॅरेजमध्ये मानाने बसवावे. लाकूड त्याला कळते, मोटार तुम्हाला कळते. दोघांचे हात एकत्र आले तर या कामात बरकत आहे, इन्शाअल्लाह.