पामवेड्यांची वारी

फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सची फेअरचाइल्ड बाग १९३८ साली लोकांसाठी खुली झाली. उभारणारे रॉबर्ट माँटगोमेरी पेशाने हिशेबतज्ज्ञ. नाव मात्र त्यांनी मित्राचं दिलं, वनस्पतींच्या शोधात जग फिरलेल्या डेव्हिड फेअरचाइल्ड यांचं. पामप्रेमींची आंतरराष्ट्रीय संस्थाही फ्लोरिडातच जन्मली, १९५६ मध्ये. तिचे सभासद दर दोन वर्षांनी जगात कुठेतरी जमतात आणि तिथल्या बागा पालथ्या घालतात.

पान पिसासारखं की पंख्यासारखं, देठाचा तळ खोडाला कसा बिलगलाय, यावर या मंडळींचे वाद रंगतात. खोडावर बदाम कोरणारा दिसला, तर त्याची धडगत नाही. आणि ते बरोबरच आहे. पामच्या खोडाची जखम आयुष्यभर भरून येत नाही. एकखोडी पामचा शेंड्याचा कोंब गेला, की झाडच संपलं.

काही पामना फुलणंच महागात पडतं. कोकणातला भेर्ली माड शेंड्याकडून खाली फुलत येतो आणि तुरे आटोपले की वाळतो. श्रीताड तर ३० ते ८० वर्षं थांबतो, डोक्यावर सहा-आठ मीटरचा तुरा काढतो, फळं पिकवतो आणि मरतो.