नऊ ग्रॅमचा सांधा

निळ्या, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची एक डबी. आत बोटाच्या पेराएवढी मोटर, एकावर एक बसवलेली बारीक दातेरी चाकं, एक इवलासा पोटेन्शिओमीटर आणि नखाएवढं सर्किट. वजन 9 ग्रॅम, किंमत शंभर-दीडशे रुपये. टॉवर प्रो कंपनीच्या या सर्व्हो मोटरचं नाव एसजी-90. जालना जिल्ह्यात कुणी घरच्या घरी चालता रोबो करायला बसलं, तर त्या रोबोचा गुडघा बहुतेक हीच डबी असते.

जालन्याला सगळे सळईचं गाव म्हणून ओळखतात. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि रोलिंग मिलमधून टीएमटी बार बाहेर पडतात. टनांत मोजणाऱ्या या शहरात 9 ग्रॅमचा सांधा मात्र बहुधा कुरिअरनेच येतो. नाहीतर कुणी मुंबईला निघालं की लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याला निघालं की बुधवार पेठेतून मागवला जातो. 2016 पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या, निवडलेल्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंतचं अनुदान मिळालं आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात अर्डुइनो बोर्ड पडू लागले. लॅबमध्ये पोरं पहिल्यांदा करतात ती चाकाची गाडी, काळ्या रेषेवरून धावणारी. तिच्यात शिकण्यासारखं थोडं आहे, पण चाक ढकललं की पुढे जातंच. पाय उचलला की आधी पडतो. मला चालणारं यंत्र जास्त मोलाचं वाटतं ते एवढ्याचसाठी.

सर्व्होचा जन्म चालण्यासाठी झालेला नाही. रेडिओवर उडवायच्या हौशी विमानांच्या शेपटीची पट्टी जराशी डावी-उजवी करायला तो बनला. सांगेल त्या कोनात जाऊन थांबणं एवढंच त्याचं काम. आज्ञाही त्या विमानांच्याच काळातली: सेकंदाला 50 वेळा एक स्पंद पाठवायचा. स्पंद एक मिलिसेकंदाचा असेल तर एक टोक, दीडचा असेल तर मध्य, दोनचा असेल तर दुसरं टोक. स्वस्त सर्व्हो पूर्ण 180 अंश फिरवायचा तर ही मर्यादा आणखी ताणावी लागते, साधारण अर्ध्यापासून 2.4 मिलिसेकंदांपर्यंत. आतला पोटेन्शिओमीटर दांडा कुठे आहे ते सांगतो, सर्किट हुकूम आणि जागा यांतला फरक काढतं आणि तो संपेपर्यंत मोटर फिरवतं. विमानाच्या शेपटीवर फक्त वाऱ्याचा दाब असतो. आपण त्याच डबीला अख्खं धड पेलायला लावतो. घरगुती रोबोची बहुतेक दुखणी इथूनच निघतात.

म्हणून पहिलं हत्यार वजनकाटा. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा चालतो. एसजी-90 ची ताकद कागदावर 1.8 किलो-सेंटीमीटर आहे. म्हणजे एक सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला 1.8 किलो वजन लटकवलं की तो जागीच अडतो. आता 500 ग्रॅमचा चार पायांचा रोबो धरा, आडवे पसरलेले पाय 10 सेंटीमीटरचे. एक पाय हवेत असताना उरलेल्या तिघांवर सरासरी 167 ग्रॅम येतात, गुणिले 10, म्हणजे जवळपास 1.7. यंत्र उभं राहील पण थरथरेल. त्यातच भार कर्णातल्या दोन पायांवर आला, तर प्रत्येकी अडीच. इथे सर्व्हो हरतो. तेच यंत्र 300 ग्रॅममध्ये बसवा, पाय 6 सेंटीमीटरचे करा: तीन पायांवर 0.6, दोनावर 0.9. चाललं! आठ सर्व्होंचे 72 ग्रॅम, 18650 च्या दोन सेलचे नव्वदेक, छोटा अर्डुइनो नॅनो आणि वायरी, वर सनबोर्डचा सांगाडा, हिशेब बसतो. पाय लांब केले की यंत्र देखणं दिसतं, हा मोह पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतो. तो आवरावा.

सांगाड्याला थ्रीडी प्रिंटर हवाच असं नाही. सनबोर्ड, अ‍ॅक्रिलिक, आइस्क्रीमच्या काड्यांचे थर, काहीही चालतं, फक्त सांध्यात खेळ राहता कामा नये. तळव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा. गुळगुळीत फरशीवर उघडं प्लास्टिक नुसतं घसरत राहतं, पाय हलतात आणि रोबो तिथल्या तिथे. सगळ्यांत जास्त छळते ती मात्र एक साधी गोष्ट. सर्व्होच्या दांड्याला 21 दाते असतात, म्हणजे हॉर्न, दांड्यावर बसणारी पट्टी, एक दाता पुढे बसवला की कोन 17 अंशांनी सरकतो. नेमका काटकोन हाताने मिळतच नाही. आधी सर्व्होला 90 अंशांचा हुकूम द्यायचा, मग हॉर्न त्यातल्या त्यात जवळच्या दात्यावर बसवायचा आणि राहिलेला फरक प्रत्येक सांध्यासाठी प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचा. घाईत हे राहिलं की चार पाय चार दिशांना, आणि दोष प्रोग्रामच्या माथी.

प्रोग्रामच्या माथी जाणारा दुसरा खोटा आरोप विजेचा. रोबो टेबलावर पालथा ठेवला की आठही पाय झकास हलतात. जमिनीवर ठेवला की दोन पावलांत बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. पोरगं रात्रभर कोड तपासत बसतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तर तिथला माणूस मीटर लावून क्षणात सांगतो, “भाऊ, प्रोग्रामला काय झालं नाही, तुमचा सप्लाय बसतोय.” थ्री फेज आल्याबरोबर शिवारातले सगळे पंप एकदम सुरू व्हावेत आणि डीपीवर व्होल्टेज कोसळावं, तसाच हा प्रकार. एसजी-90 अडला की अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो; आठ एकदम अडले तर पाच-सहा अँपिअर. यूएसबीच्या साध्या पोर्टवर हक्काने मिळतो तो अर्धा. मोठा, धातूच्या चाकांचा एमजी-996आर घेतला तर एकटाच अडीच अँपिअर मागतो. उपाय जुनाच आहे: सर्व्होंना वेगळी बॅटरी, मध्ये व्होल्टेज उतरवणारा भक्कम बक कन्व्हर्टर, जाड वायर, आणि दोन्हींची निगेटिव्ह तार एकत्र जोडलेली. ती शेवटची जोडणी विसरली तर सर्व्होंना पिसाळल्यासारखं होतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सेल काढून वापरणाऱ्यांचं मला कौतुक आहे आणि भीतीही वाटते. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो.

हे सगळं पार पडलं की खरा प्रश्न समोर येतो. आधी कोणता पाय?

बैल चालताना बघावा. मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा. संथ चालीत एका वेळी एकच पाय सुटतो आणि उरलेल्या तिघांचा त्रिकोण शरीर सांभाळतो. रॉबर्ट मॅकगी आणि ए. ए. फ्रँक यांनी 1968 साली गणिताने दाखवलं की, चार पायांच्या सरपटत्या चालीचे जे क्रम शक्य आहेत त्यांत सर्वांत स्थिर क्रम हाच. बैलाला हे उपजत येतं, रोबोला सांगावं लागतं. पाय उचलण्याआधी धड दुसरीकडे झुकवायचं, गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत आणायचा आणि मगच पाऊल. नवखा माणूस पाऊल आधी टाकतो, झुकायचं नंतर बघतो, आणि यंत्र कोपऱ्यावर कलंडतं. दुडकी चाल, म्हणजे कर्णातले दोन-दोन पाय एकदम उचलणं, दिसायला डौलदार. पण तिच्यात त्रिकोण नसतो, नुसती रेघ असते, म्हणून पडायच्या आत पुढचं पाऊल टाकावं लागतं. सहा पायांचा रोबो यातून सुटतो. तीन पाय हवेत, तीन जमिनीवर, त्रिकोण कायम. फक्त पायाला तीन धरले तर सर्व्हो 18 लागतात आणि खिसा हलका होतो.

एका पायाला तीन सर्व्हो दिले, तर पाऊल हव्या त्या बिंदूवर ठेवता येतं. मांडी आणि पोटरी अशा दोन काड्या, तिसरी बाजू म्हणजे सांध्यापासून पावलापर्यंतचं अंतर. तिन्ही बाजू माहीत, कोन काढा. बारावीच्या गणितातला कोसाइन नियम तो हाच. परीक्षेत दोन-तीन मार्कांना विकला जाणारा हा नियम इथे सेकंदाला 50 वेळा सोडवला जातो. मुलं शिकवणीला का जातात हे मला कळतं. पण हा रोबो बघितलेल्या मुलाला त्रिकोणमिती कशाला शिकायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. बारा सर्व्होंपर्यंत अर्डुइनो उनोची नेहमीची लायब्ररी पुरते. पुढे पीसीए-9685 नावाचा बोर्ड लावतात. त्याला मुख्य बोर्डाकडून संदेशाच्या दोनच तारा लागतात आणि तो 16 सर्व्हो सांभाळतो. एका आवर्तनाचे 4096 भाग करत असल्यामुळे साधारण अर्ध्या अंशापर्यंत नेमकेपणा मिळतो.

महाराष्ट्रात रोबोंचं वेड पिकलं ते पुण्यात. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची एबीयू रोबोकॉन स्पर्धा 2008 मध्ये तिथे झाली, विषय होता गोविंदा, म्हणजे चक्क दहीहंडी. 2014 मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. चालण्याची खरी कसोटी मात्र 2019 साली मंगोलियाच्या उलानबातरला लागली. तिथल्या जुन्या घोडेस्वारांच्या टपालावर बेतलेल्या त्या खेळात दुसऱ्या रोबोला चाकं नाकारली होती. चार पायांवरच वाळूच्या टेकडीचा उंचवटा आणि आडव्या दोऱ्या ओलांडून त्याला डोंगर चढायचा होता.

आपला घरचा रोबो तिथे पहिल्या दोरीलाच अडकला असता. कारण सर्व्हो बहिरा नसला तरी मुका आहे. हुकूम ऐकतो, उलट काही कळवत नाही. पाय दगडावर टेकला, खड्ड्यात लोंबकळला की हॉर्नच तुटून पडला, बोर्डाला पत्ता नसतो. 2019 मध्येच एमआयटीच्या मिनी चीताने कोलांटउडी मारून दाखवली. जेमतेम 9 किलोचं यंत्र आणि पायांत एकसारख्या 12 मोटरी. पण त्या मोटरींना मागून येणारा धक्का कळतो, किती जोर लागतोय ते समजतं. नऊ ग्रॅमच्या डबीत ते येणं नाही. ती अडली तरी जोर लावतच राहते, तापते, आणि प्लास्टिकच्या चाकांचे दाते उडतात. करकर ऐकू आली की समजावं, सर्व्हो गेला. दोन जादा मागवून ठेवावेत.

मधला एक रस्ता आहे. प्रत्येक तळव्यात बटणासारखा मायक्रोस्विच बसवायचा: पाऊल टेकलं की टिक, आणि पाय तिथेच थांबवायचा. काळ्या मातीच्या वाळल्या ढेकळांवर रोबो न्यायचा असेल तर याला पर्याय नाही. चार स्विच, आठ तारा, तळव्याचं नवं कवच, मिळून पंचवीस-तीस ग्रॅम तरी वाढले, आणि तेही पायाच्या अगदी टोकाला, जिथे प्रत्येक ग्रॅम सर्वांत महाग पडतो. म्हणजे पोटरी सेंटीमीटरभर कापायची, बॅटरी मागे सरकवायची, आणि पुन्हा वजनकाटा.