इंजेक्टरचे माप आणि दुसरबीडचे ऊन

जालन्याहून मेहकरकडे जाताना सिंदखेडराजा मागे पडले की बुलढाणा जिल्ह्यातले दुसरबीड येते. गाव जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरचे. इथला जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, तरी ट्रक-ट्रॅक्टरांची वर्दळ कायम आहे. अशा पट्ट्यात गाडीने काळा धूर सोडायला सुरुवात केली की पहिला संशय इंजेक्टरच्या नोझलवर जातो. मिस्त्री ती खोलतो, टेस्टरला जोडतो, दांडी दाबतो आणि गेजच्या काट्याकडे बघतो. जुन्या यांत्रिक ट्रॅक्टर-इंजिनात साधारण 200 बारच्या आसपास ती उघडायला हवी. टरटर आवाज करत बारीक, सारखा फवारा निघाला तर नोझल चांगली. टोकाला थेंब लोंबला तर सुई बसत नाही. बॉशने डिझेल इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन 1927 साली सुरू केले, आणि त्याच कंपनीचा नाशिकचा कारखाना आज डिझेल इंजेक्टर घडवतो. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. एवढ्या फटीवर अख्ख्या इंजिनाची प्रकृती अवलंबून असते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला इंजेक्टर कधीच किरकोळ भाग वाटत नाही.

पेट्रोलच्या गाडीत हे काम वेगळ्या तऱ्हेने चालते. तिथे दाब साधारण 3 बार, आणि सुई उचलतो तो विजेचा चुंबक. किती वेळ उचलायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर एका सिलिंडरचे पूर्ण चक्र 20 मिलिसेकंदांत आटोपते. त्यातला 80 टक्के वेळ, म्हणजे 16 मिलिसेकंद, इंजेक्टर उघडा ठेवणे ही सुरक्षित मर्यादा मानतात. त्यापुढे सुई नीट मिटायच्या आत पुन्हा उघडायची वेळ येते आणि मापावरचा ताबा सुटतो.

आता ताकद वाढवण्यासाठी याच पेट्रोल इंजिनाला नायट्रस जोडले तर काय होते? नायट्रस ऑक्साइड हे इंधन नव्हे, हे आधी पक्के समजून घ्यावे. ते जळत नाही, जाळायला मदत करते. त्याच्या वजनात 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेच्या वजनात 23 टक्के. साधारण 300 अंशांना त्याचे रेणू फुटतात आणि हा ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय ते उणे 88 अंशांना उकळते. त्यामुळे बाटलीतून सुटताना आत येणारी हवा थंड आणि दाट करते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उंचावरच्या विरळ हवेत विमानांची ताकद टिकवण्यासाठी जीएम-1 नावाच्या यंत्रणेत हाच वायू वापरला होता.

पण ऑक्सिजन वाढला आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण लीन होते. ज्वलनाचे तापमान चढते, इंजिन नॉक करू लागते आणि पिस्टनचा माथा काही सेकंदांत वितळू शकतो. नायट्रसने इंजिन फुटले असे लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा इंजिन पेट्रोलावाचून मेलेले असते. वेट पद्धतीत हे वाढीव पेट्रोल वेगळ्या नोझलने वायूबरोबरच सोडतात. ड्राय पद्धतीत मात्र सगळा भार मूळ इंजेक्टरवर पडतो. म्हणून तिथे मोठे इंजेक्टर बसवणे ही पहिली अट आहे.

किती मोठे, हे अंदाजाने ठरवू नये. चार सिलिंडरचे 100 अश्वशक्तीचे इंजिन घ्या. पूर्ण जोरावर ते दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 227 ग्रॅम पेट्रोल पिते. हिशोब केला तर मिनिटाला 510 घन सेंटिमीटरच्या आसपास होते. चार इंजेक्टरांत वाटून 80 टक्क्यांची मर्यादा लावली की प्रत्येकाला मिनिटाला 160 घन सेंटिमीटरची क्षमता पुरते. त्यावर 50 अश्वशक्तीचा नायट्रसचा शॉट चढवायचा, आणि इंजिन थंड राहावे म्हणून मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे जास्त पेट्रोलाचे, ठेवायचे, तर दर अश्वशक्तीमागे 270 ग्रॅम धरावे लागतात. मग त्याच इंजेक्टरची क्षमता 285 हवी. ताकद दीडपट झाली, पण इंजेक्टर पावणेदोनपटींहून मोठा लागला.

काही जण इंजेक्टर तोच ठेवून फक्त पंपाचा दाब वाढवतात. मला हा मार्ग थोड्या वाढीपुरताच पटतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. 3 बारचे 4 केले तर जेमतेम 15 टक्के जास्त पेट्रोल मिळते. दुप्पट हवे असेल तर 12 बार लागतील, आणि तेवढ्या दाबाविरुद्ध चुंबकाला सुई उचलता येईलच असे नाही.

मोठ्या इंजेक्टरचाही एक त्रास असतो. गाडी उभी असताना, आयडलिंगवर, सुई दोन-तीन मिलिसेकंदच उघडते, आणि त्यातला एखादा मिलिसेकंद तर ती हलायलाच जातो. मोठा इंजेक्टर उरलेल्या वेळात जास्त पेट्रोल ओततो. ईसीयूला नव्या इंजेक्टरची आकडेवारी दिली नाही तर इंजिन गचके खाते, प्लग काळे पडतात आणि सरासरी घसरते.

याहून मोठी अडचण विदर्भाच्या उन्हाची आहे, आणि परदेशी नायट्रस किटच्या पुस्तकात तिला पुरेशी जागा नसते. थंड मुलखात नायट्रसच्या बाटलीला हीटर लावून दाब 65 बारच्या आसपास आणतात. नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. बुलढाणा जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतच पारा 40 च्या पुढे जातो, आणि बंद डिकी त्याहून तापते. मग बाटलीतला दाब 72 बार ओलांडतो, वायूचे माप बदलते आणि इंजेक्टरचा सगळा हिशोब बिघडतो. झडपेवरची सुरक्षा चकती फुटली तर बाटली रिकामी होते. इथे बाटलीला हीटर नव्हे, सावली आणि वायुवीजन हवे, आणि दाब मोजल्याशिवाय बटण दाबू नये.

समृद्धी महामार्ग दुसरबीडच्याच सिंदखेडराजा तालुक्यातून जातो. तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर याच तालुक्यात खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. त्याचा नायट्रसशी काही संबंध नव्हता, पण त्या रात्रीनंतर या रस्त्यावर जोर आजमावण्याची भाषा मला सहन होत नाही. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहेच. हौस असेल त्याने लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘द व्हॅली रन’सारख्या शर्यतीकडे वळावे आणि आयोजकांचे नियम आधी वाचावेत.

कामाचा क्रमही पाळावा. आधी पंप वाढीव पेट्रोल पुरवतो का ते बघावे. मग चारही इंजेक्टर फ्लो बेंचवर एकत्र तपासावेत. त्यांच्यात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही, कारण सर्वांत कमी देणाऱ्याचाच सिलिंडर आधी जळतो. त्यानंतर ईसीयूची जुळणी, आणि पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच. पहिला शॉट लहान द्यावा, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा आकडा नोंदवावा आणि लगेच इंजिन बंद करून प्लग काढून पाहावेत. प्लगच्या चिनीमातीवर अॅल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागला आहे. त्या दिवशी दुसरा शॉट द्यायचा नाही.