घाम परवडला की खोक?

हेल्मेटखालचा घाम पहिल्या मिनिटाला जाणवतो, मार मात्र कधीतरीच बसतो. म्हणून खेळाडूंचा कौल बहुतेक वेळा घामाविरुद्धच जातो.

बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान घ्या. १९६२ मध्ये इथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. रक्त द्यायला धावला तो वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल! कॉन्ट्रॅक्टर बचावले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी निघाली थेट २०२२ मध्ये. एवढं होऊनही, १९७८ मध्ये याच मैदानावर ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

इंग्लंडचा पॅट्सी हेंड्रेन तर १९३३ मध्येच लॉर्ड्सवर कानशिलं झाकणारी, आतून रबर लावलेली टोपी घालून खेळला. शिवली होती बायकोने.

सुनील गावसकरांनी मधला मार्ग काढला: नेहमीच्या टोपीखाली फायबरग्लासचं पातळ कवच. वाचता वाचता झोपायच्या सवयीमुळे मान कमकुवत झालीय, जड हेल्मेटने बाउन्सरखाली वाकायला उशीर होईल, हा त्यांचा हिशोब. मला तो पटतो. गैरसोय हासुद्धा एक धोकाच असतो.

आइस हॉकीतला गोलरक्षक जॅक प्लांट सरावात मुखवटा घालायचा, पण सामन्यात प्रशिक्षक घालू देईनात. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये चकतीने त्याचं तोंड फोडलं. टाके घालून झाल्यावर प्लांट अडून बसला: मुखवट्याशिवाय उतरणार नाही. राखीव गोलरक्षक नव्हता, प्रशिक्षकांचा नाइलाज झाला. त्याच्या मॉन्ट्रियल संघाने सामना ३-१ असा जिंकला.

उलटी गंमतही आहे. पुरुषांच्या ऑलिंपिक बॉक्सिंगमधून २०१६ मध्ये हेडगार्ड चक्क काढून टाकलं, कारण त्याने बाजूचं दिसत नाही आणि डोकं हे आणखी मोठं लक्ष्य बनतं. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर सायकलवर गाड्यांचं अंतर मोजत फिरले, तर हेल्मेट असताना गाड्या सरासरी ८.५ सेंटिमीटर जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घातला, तेव्हा चालकांनी जास्त जागा सोडली! म्हणून कुणी हेल्मेट काढू नये. चालकांनीच अंतर राखावं.

आता आपल्या दहीहंडीचे थर. स्पेनमधल्या कॅटलोनियातही माणसांचे मनोरे रचतात आणि सगळ्यात वर लहान मूलच चढतं. २००६ मध्ये तिथल्या मातारो शहरात मनोऱ्यावरून पडलेल्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि तिथे मुलांची हेल्मेटं सार्वत्रिक झाली. ती मुद्दाम हलकी आणि मऊ असतात, कारण मूल पडतं ते खालच्या माणसांच्या अंगावर. मुंबई-ठाण्यात वरच्या पोराच्या डोक्यावर बरेचदा सायकलचं टणक हेल्मेट दिसतं. थरांसाठीच बनवलेलं मऊ हेल्मेट आपल्या गोविंदांनाही मिळायला हवं, आणि तेही गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो त्या दिवसापासून.