फुल रेंज, तरी व्हिडिओ का अडकतो?
आतल्या खोलीत जाताच फोन ५जीवरून ४जीवर येतो, तेव्हा दोष बहुधा हँडसेटचा नसतो, फ्रिक्वेन्सी बँडचा असतो. ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, ३५०० मेगाहर्ट्‌झची जेमतेम साडेआठ. काँक्रीटच्या भिंतीत ही आखूड लहर लवकर क्षीण होते. मग टॉवरची ताकद का वाढवू नये? कारण फोनलाही उत्तर पाठवावं लागतं, आणि त्याची ताकद साधारण ०.२ वॉटच. बरं, सगळ्यांना ७००वरच आणावं, तर तिथे जागा अपुरी: २०२२च्या लिलावात जिओने या बँडमध्ये प्रत्येक दिशेसाठी १० मेगाहर्ट्‌झ घेतले, ३५०० मेगाहर्ट्‌झ ज्यात येतात त्या ३३००च्या बँडमध्ये मात्र बहुतेक दूरसंचार सर्कलमध्ये १००. म्हणूनच रेंजच्या काड्या भरलेल्या असूनही गर्दीत व्हिडिओ अडकतो. विरळ वस्तीच्या गावांसाठी ७००चा बँड मला अपरिहार्य वाटतो. शहरांत मात्र वरच्या बँडचे टॉवर दाट उभारण्याला पर्याय नाही.